तळे आटले, आता बागेला पाणी कुठून आणायचे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: घरामागे वडिलांनी अनेक वर्षांपूर्वी खोदलेले एक छोटे तळे आहे, सुमारे दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद. त्याच्या पाण्यावर आजवर आठ मोठी फळझाडे, फुलझाडांची एक लांब रांग, वीस चौरस मीटर भाजीचे वाफे आणि साठ चौरस मीटर हिरवळ जगत आली. यंदा पाऊस यायला अडीच महिने असतानाच तळे आटले. मधोमध तेवढे गुडघ्याखालचे गढूळ पाणी उरले आहे. गेल्या वर्षी यंत्र लावून गाळ काढला आणि तळे आणखी खोल केले, त्यामुळे यंदा पाणी जास्त टिकेल अशी सर्वांची अपेक्षा होती. भावाचे म्हणणे असे की उरलेले पाणी पंपाने उपसून बागेला द्यावे आणि लगेच बोअर घ्यावी. पाणाड्याने जागाही दाखवून ठेवली आहे. वहिनींना टँकर सोयीचा वाटतो. पत्र लिहिणाऱ्या ताईंना घरचे पिण्याचे पाणी बागेत ओतणे पटत नाही, आणि वडिलांनी लावलेले एकही झाड मरू द्यायचे नाही. पाणी नेमके कुठून आणावे, असे त्या विचारतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पाण्याच्या तीन-चार वाटा आहेत आणि त्यांतली कोणती धरावी एवढेच तुम्ही विचारले आहे. मात्र बागेला रोज किती पाणी लागते, याचा आकडा पत्रात कुठेही नाही. तळे भरलेले असताना तो काढण्याची गरज कधी पडली नसणार; पंप सुरू केला, पाट भरला, पंप बंद केला. तो आकडा हाती येत नाही तोवर बोअर, टँकर आणि नळ यांच्यात निवड करणे म्हणजे अंधारात चाचपडणे होईल, म्हणून आधी तो काढू.

कडक उन्हाळ्यात भाजीच्या वाफ्याला किंवा हिरवळीला रोज दर चौरस मीटरमागे साधारण पाच लिटर पाणी लागते. म्हणजे तुमची हिरवळ दिवसाला तीनशे लिटर पिते आणि भाजी शंभर. मोठ्या फळझाडाला आठवड्यातून एकदा सावकाश दीडशे लिटर दिले, तर भरघोस फळ येणार नाही, पण झाड तग धरेल. आठ झाडांचे मिळून दिवसाला सरासरी एकशे सत्तर लिटर होतात. फुलझाडांचे साठ-सत्तर धरा. एकूण सव्वासहाशे ते साडेसहाशे लिटर. माती, वारा आणि झाडांचा विस्तार यांनुसार हा आकडा खालीवर होईल, पण त्यातला निम्मा वाटा एकट्या हिरवळीचा आहे, ही गोष्ट बदलणार नाही.

आता तळ्याकडे पाहा. उघड्या पाण्यावरून कोरड्या, गरम हवेत दिवसाला सहा ते आठ मिलिमीटर पाणी वाफ होऊन जाते. ऐकायला हे किरकोळ वाटते. तुमच्या ऐंशी चौरस मीटरच्या तळ्यात मात्र सात मिलिमीटर म्हणजे पाचशे साठ लिटर. बाग जेवढे पाणी पीत होती, जवळजवळ तेवढेच ऊनही रोज पीत होते. तेव्हा तळे आटले म्हणून बागेची गरज वाढलेली नाही, आणि तळ्यातून रोज जेवढे पाणी जात होते तेवढे सगळे तुम्हाला कुठून तरी आणायचेही नाही.

तळ्याविषयी आणखी एक गोष्ट. तुम्ही त्याला बागेच्या पाण्याचा उगम म्हटले आहे. कणगीत धान्य ठेवतात, ते पिकते शेतात. बहुतेक छोट्या तळ्यांचेही तसेच असते. पाणी पावसाचे, उतारावरून वाहत आलेले, आणि तळे हा त्याचा साठा. याला अपवाद अशा तळ्यांचा, ज्यांचा तळ भूजलाच्या पातळीखाली असतो आणि ज्यांत पाणी खालून पाझरून येते. तुमचे तळे या दोहोंपैकी कोणते, यावर पुढचे सारे निर्णय अवलंबून आहेत, आणि त्याचे उत्तर बहुधा तुमच्या वडिलांना ठाऊक असेल. तळे खोदले तेव्हा पावसाआधीच खड्ड्यात पाणी लागले होते का? तळाला चिकणमाती आपोआप सापडली, की बाहेरून आणून चोपली होती? पावसाचे पाणी कोणत्या बाजूने आत येत असे, आणि त्या वाटेवर आता एखादी भिंत, रस्ता किंवा फरसबंदी झाली आहे का? त्यांच्याशी या विषयावर बोलणे तुम्ही टाळत आहात, असे पत्रावरून जाणवले. त्यांना वाईट वाटेल ही तुमची भीती मी समजू शकतो, पण त्या जमिनीची जेवढी माहिती त्यांना आहे तेवढी कोणत्याही तज्ज्ञाला पहिल्या भेटीत मिळणार नाही, आणि आपल्याला विचारले गेले याचा त्यांना आनंदच होण्याची शक्यता अधिक.

गेल्या वर्षीच्या गाळउपशाचा उल्लेख तुम्ही जाता जाता केला आहे, पण मला पत्रातले तेच वाक्य सर्वांत महत्त्वाचे वाटते. तळे कोरडे असताना गाळ काढणे योग्यच. मात्र यंत्राचा दात गाळ संपल्यावर थांबत नाही. गाळाखाली चिकणमातीचा जो थर पाणी धरून ठेवत असतो, तो खरवडला गेला आणि खालचा मुरूम किंवा वाळू उघडी पडली, तर तळे अधिक खोल होऊनही पाणी कमी टिकते. तुमच्याकडे असेच झाले, असे मी ठामपणे म्हणत नाही, पण हे तपासणे अवघड नाही. तळाच्या कोरड्या भागात तीन-चार ठिकाणी हातभर रुंद आणि वीतभर खोल खड्डे घ्या. मूठभर माती ओली करून दोन तळव्यांत वळा. लांब, न तुटणारी वळी झाली आणि बोटांना चिकटली, तर ती चिकणमाती. वळण्याआधीच भुसभुशीत होऊन सुटली, तर तिथून पाणी झिरपत असणार. मग प्रत्येक खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून पाहा. तळाला पडलेल्या भेगांतून थोडे पाणी सुरुवातीला मुरणारच, म्हणून दुसरी बादली किती वेळात जिरते, ते लक्षात घ्या. एखाद्या खड्ड्यातले पाणी मिनिटांत नाहीसे झाले आणि शेजारच्यातले दुसऱ्या दिवशीही दिसले, तर गळती कुठे आहे ते तळ्यानेच दाखवून दिले असे समजा.

मधोमध उरलेल्या पाण्याचे काय, हे भावाला सांगणे तुम्हाला जड जात आहे, म्हणून मी स्पष्ट लिहितो: ते उपसू नका. तीन मीटर लांब-रुंद आणि सरासरी फूटभर खोल डबके म्हणजे अडीच ते पावणेतीन हजार लिटर; बागेच्या आजच्या खर्चाने ते चार दिवसांत संपेल, आणि त्यातला चिखल ठिबकच्या नळ्या तुंबवील तो वेगळाच. परिसरातले पक्षी, बेडूक, मासे आणि चतुर यांच्यासाठी मात्र तेवढेच पाणी उरलेले असते. कडेचा ओलसर चिखल हलक्या हाताने उकरून पाहिलात, तर गोगलगायी कवचाचे तोंड झाकणीने घट्ट मिटून खाली निपचित पडलेल्या सापडतील. पाऊस येईपर्यंत त्या तशाच तग धरतात, आणि काही बेडूकही जमिनीत शिरून उन्हाळा काढतात. म्हणून त्या मधल्या भागात यंदा यंत्रही घालू नये. डबक्यावर एका बाजूने फांद्यांची किंवा जाळीची सावली करता आली, तर पाणी थोडे अधिक दिवस राहील.

आता बागेकडे वळू. एकही झाड मरू द्यायचे नाही, हा तुमचा निश्चय मला समजतो, परंतु तो पाळताना थोडे थोडे पाणी सगळ्यांना वाटले, तर सर्वाधिक धोका मोठ्या झाडांनाच आहे. वरवर शिंपडलेले पाणी वरच्या दोन बोटे मातीतच राहते आणि संध्याकाळपर्यंत उडून जाते; खालची मुळे कोरडीच राहतात. भाजी पुढच्या हंगामात पुन्हा लावता येते, हिरवळही पुन्हा पेरता येते, पण वीस वर्षांचे झाड गेले तर परत वीस वर्षे वाट पाहावी लागते. म्हणून पहिले पाणी फळझाडांचे, दुसरे फुलझाडांचे, तिसरे निम्म्या केलेल्या भाजीचे. हिरवळीला आजपासून पाणी बंद करा. तिची कापणी थांबवा, तिच्यावरून चालणेही कमी करा. गवत पिवळे पडेल, पण पिवळे गवत मेलेलेच असते असे नाही. पुष्कळ जातींचे गवत वरून वाळून बुडाशी निद्रिस्त राहते आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर पुन्हा फुटते. काही पट्टे कायमचे जातीलही. तेवढे मन घट्ट करावे लागेल, आणि वडिलांना ते आधीच सांगावे, म्हणजे पिवळे पडलेले अंगण पाहून त्यांना धक्का बसणार नाही.

हिरवळ वगळताच गरज सव्वातीनशे ते साडेतीनशे लिटरवर येते. भाजीचे वाफे निम्मे केले की पन्नास लिटर आणखी कमी. त्यानंतरची बचत आच्छादनाची. वाळलेला पालापाचोळा, गवत, भुसा, जे मिळेल त्याचा चार बोटे जाड थर झाडांच्या आळ्यांत आणि वाफ्यांत पसरा; खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा, नाहीतर साल कुजते. जिथे आच्छादन पुरणार नाही तिथे तण काढून वरची माती हलकी खुरपून ठेवा. कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे शेतकरी म्हणतात त्यात तथ्य आहे: तणाच्या वाटे जाणारे पाणी वाचते आणि जमिनीच्या भेगा बुजतात.

फळझाडांना पाणी खोडाशी देऊ नका. पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी फांद्यांच्या टोकांखाली आणि त्याही पलीकडे, वरच्या दोन फूट मातीत पसरलेली असतात. तिथे गोलाकार आळे करा आणि संध्याकाळी उशिरा किंवा भल्या पहाटे सावकाश पाणी सोडा. ओल कुठवर पोहोचली हे पाहण्यासाठी दुसऱ्या दिवशी एक बारीक लोखंडी सळई मातीत दाबा. ओल्या मातीत ती सहज सरकते आणि कोरडी माती लागली की अडते. सळई फूट-दीड फूट गेली, तर त्या झाडाला पुन्हा पाणी देण्याची घाई नको. वाफसा येऊन वरचा थर सुकू लागला तरी खाली ओल असते. यंदा झाडांवर फळे धरली असतील तर लहान असतानाच निम्मी उतरवा, खत देऊ नका आणि मोठी छाटणीही करू नका. नवी पालवी फुटली की झाडाची तहान वाढते.

भाजीसाठी मडकी पुरणे हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे; चीनमधील सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीलेखनातही त्याचे वर्णन आढळते. रंग किंवा चकाकी न दिलेले पाच-सात लिटरचे मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरायचे, पाण्याने भरायचे, तोंडावर झाकण ठेवायचे, आणि भोवती वीत-दीड वीत अंतरावर रोपे लावायची. माती कोरडी असेल तेवढेच पाणी मडक्याच्या अंगातून बाहेर ओढले जाते. माती ओली असली की पाझर मंदावतो. दोन-तीन दिवसांनी मडके भरावे लागते, आणि वरची माती कोरडी राहिल्यामुळे तणही कमी उगवते. टोमॅटो, वांगी, मिरची, वेलभाज्या यांना हे फार मानवते. दाट पेरलेल्या पालेभाज्यांना तितके नाही.

एवढे केल्यावर रोजची गरज अडीचशे लिटरच्या आसपास येईल, आणि आता तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. यातले बरेचसे पाणी तुमच्या घरातून रोज बाहेर जात आहे. पाच माणसांच्या घरात अंघोळीचे आणि कपडे धुतल्याचे पाणी सहज दोनशे लिटरच्या पुढे जाते. पिण्याचे पाणी बागेत ओतणे तुम्हाला पटत नाही ते योग्यच, पण एकदा वापरलेले पाणी दुसऱ्यांदा वापरण्याबाबत तसा संकोच नको. काही पथ्ये मात्र काटेकोर पाळावी लागतात. शौचालयाचे, आजारी माणसाच्या किंवा बाळाच्या मळक्या कपड्यांचे, आणि तेलकट भांड्यांचे पाणी यात मिसळायचे नाही. ब्लीच किंवा जंतुनाशक घातलेले पाणी वगळायचे. कपडे धुण्याच्या भुकटीत सोडियमचे क्षार बरेच असतात आणि ते साचले की माती घट्ट होत जाते, म्हणून शक्य तर द्रवरूप साबण घ्या, पहिल्या साबणाच्या पाण्याऐवजी खळबळण्याचे पाणी वापरा, आणि दर तीन-चार पाळ्यांनंतर एक पाळी साध्या पाण्याची द्या. हे पाणी चोवीस तासांहून अधिक साठवले तर सडू लागते. त्यामुळे आज निघालेले आजच द्या. ते मातीत, आच्छादनाखाली सोडा, पानांवर शिंपडू नका. फळझाडे आणि फुलझाडे यांना ते चालते; कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्या आणि मुळे-कंद यांना नाही. त्यांच्यासाठी भाज्या-धान्य धुतलेले पाणी, वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी, आणि कमी पडले तर नळाच्या दोन बादल्या. घरात पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र असेल, तर त्यातून वाया जाणाऱ्या पाण्यात क्षार अधिक असतात. ते एकटे न देता इतर पाण्यात मिसळून मोठ्या झाडांना द्यावे. वापरलेल्या पाण्याबाबत तुमच्या भागात काही नियम आहेत का, हे एकदा विचारून घ्या.

उरलेली तूट भरून काढण्यासाठी टँकर मागवायला माझी हरकत नाही, आणि वहिनींचा मुद्दा तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण टँकर तळ्यात रिता करू नका. भेगाळलेल्या तळात ते पाणी डोळ्यांदेखत जिरेल. ते झाकलेल्या टाकीत घ्या. आणि घेण्यापूर्वी ते कुठल्या विहिरीचे आहे ते विचारा: एखाद्या वस्तीच्या पिण्याच्या पाण्यातून ते उपसले जात असेल तर घेऊ नये, आणि खारे असेल तर त्याने बागेचे नुकसानच होईल. प्रयोगशाळेत पाण्याची विद्युतवाहकता तपासून मिळते; पाण्यात क्षार जेवढे जास्त, तेवढी ती जास्त. ती ०.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर बागेला निर्धास्त द्यावे; ३ च्या वर गेली तर बहुतेक झाडांना ते सोसत नाही.

बोअरबाबत मी भावाशी सहमत नाही, निदान यंदा तरी नाही. तळे पाझराचे असेल, तर ते आटणे म्हणजे भूजल खाली गेल्याची खूण आहे, आणि त्याच घटत्या पाण्यात आणखी एक नळी सोडल्याने तुमचा प्रश्न फार तर पुढे ढकलला जाईल, शेजारच्या विहिरींचा मात्र वाढेल. तळे पावसाचे असेल, तर दोष साठ्यात आहे, आणि तो बोअरने दुरुस्त होत नाही. घ्यायचीच ठरली, तर आसपासच्या विहिरींची पातळी वर्षभर कशी खालीवर होते ते पाहून, भूजलतज्ज्ञाकडून जागा तपासून आणि आवश्यक परवानगी काढून घ्यावी. पाणाड्याच्या खुणेवर पैसे लावू नका. १९८७-८८ मध्ये जर्मनीत म्युनिकजवळ एका कोठारात अशा लोकांची चाचणी घेतली गेली. खालच्या मजल्यावर पाण्याचा पाइप सरकवला जाई आणि वरच्या मजल्यावरून त्याची जागा ओळखायची असे. बहुतेकांचे अंदाज निव्वळ योगायोगाहून सरस नव्हते. जिथे भूजल सर्वत्र पसरलेले असते तिथे कुठेही खणले तरी पाणी लागते, आणि त्याचे श्रेय पाणाड्याला मिळते.

या अडीच महिन्यांत दोन कामे पावसाआधी उरकून घ्या. छपराला पन्हळ लावा. शंभर चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे शंभर लिटर; पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी तीस मिलिमीटरची एक सर दोन हजार चारशे लिटर देऊन जाते. पहिल्या सरीचे धूळ-घाण घेऊन येणारे पाणी बाहेर सोडा, नंतरचे टाकीत घ्या, टाकीचे तोंड डास शिरणार नाहीत अशा जाळीने बांधा, आणि टाकी भरल्यावर वाहणारे पाणी तळ्याकडे वळवा. दुसरे काम तळाचे. खड्ड्यांच्या तपासणीत गळती सापडली आणि तळे पावसाच्या पाण्यावर भरणारे असल्याची खात्री झाली, तर गेल्या वर्षी काढलेल्या मातीचा ढीग कुठे टाकला होता ते शोधा. त्यातला काळा, कुजका गाळ निघेल तो फळझाडांच्या आळ्यांत कंपोस्टबरोबर मिसळा. चिकट माती निघेल ती गळक्या जागी परत न्या, किंचित ओली करून वीतभर जाडीच्या थरात पसरा, चोपा, आणि त्यावर तसाच दुसरा थर द्या. मधले डबके आणि त्याच्या कडेचा चिखल एवढी जागा तेवढी सोडा.

तळ्यात पुन्हा पाणी आले की एका बादलीत काठोकाठ नाही, पण बरेचसे पाणी भरून ती तळ्यात उथळ जागी दगडावर ठेवा आणि आतल्या-बाहेरच्या पाण्याची पातळी सारखी आहे असे पाहून दोन्हीकडे खूण करा. पाऊस आणि पंप दोन्ही नसलेल्या दिवसांत पाहा. बादलीतले पाणी जेवढे उतरले तेवढे उन्हाने नेले. तळ्याचे त्याहून जास्त उतरले असेल तर तो फरक म्हणजे जमिनीत गेलेले पाणी. फरक नगण्य असेल तर दुरुस्ती झाली. मोठा असेल तर पुढच्या उन्हाळ्यात तळ पुन्हा उघडा पडल्यावर उरलेला भाग चोपून घ्यावा लागेल, आणि त्या वेळी यंत्र बोलावलेत तर ते चालू असताना घरातले कोणीतरी काठावर उभे राहून चिकणमाती दिसताच थांबायला सांगेल, एवढे पाहा.